धूळ जपायची गाडी

गाडी स्वच्छ झाली होती, आणि हीच अडचण होती.

पूर्ण नव्हे. पुढच्या उजव्या चाकावरचा पत्रा, ज्याला आम्ही फेंडर म्हणतो, आणि त्याला लागून बॉनेटचा कोपरा, एवढा भाग गर्द हिरवा चमकत होता. बाकीची गाडी खडूच्या भुकटीत लोळून आल्यासारखी पांढुरकी आणि डागाळलेली. बंपरमध्ये झेंडूचं एक फूल खोवलेलं. शेजारी आमचा पेंटर सुर्वे उभा होता. हातात फडकं, चेहऱ्यावर वर्गात पहिला आल्याचं समाधान.

"बघा मॅडम," तो म्हणाला. "कशी दिसतेय."

मी बघितलं. मग गाडीच्या डोक्यावर भिंतीला लावलेली पाटी बघितली. ती मीच छापून घेतली होती, इंग्रजीत आणि अरबीत. ही गाडी धुऊ नये.

"सुर्वे, पाटी वाचता येते ना तुम्हाला?"

"येते की. पण धुतली कुठं? पाण्याचा थेंब लावलेला नाही. कंपाउंड मारला."

कंपाउंड म्हणजे बारीक कण असलेली पेस्ट. पत्र्यावर घासली की रंगाचा वरचा मेलेला थर निघून जातो. पाण्यानं गाडीची धूळ जाते आणि दुसऱ्या दिवशी परत येते. कंपाउंडनं जे जातं ते परत येत नाही. आणि जे गेलं होतं, ते जपण्यासाठीच गिऱ्हाईक आम्हाला पैसे देत होतं.

हे नीट कळायला थोडं मागं जावं लागेल.

मी कुवेतमधल्या फहाहीलच्या मागच्या औद्योगिक भागातल्या एका गॅरेजची वर्कशॉप मॅनेजर आहे. कोणती गाडी कुठल्या बेवर, म्हणजे कामाच्या जागेवर, उभी राहील, कुठला पार्ट कधी येईल, गिऱ्हाइकाला काय सांगायचं आणि काय नाही, याच्या याद्या करणं हे माझं काम. मला गाड्यांचं वेड नाही. वेड असलेले लोक गॅरेजमध्ये पुष्कळ असतात. त्यांच्यामुळे तर याद्या कराव्या लागतात.

ही हिरवी गाडी फ्लॅटबेड ट्रकवर लादून आली. जुनी अमेरिकन, चार दरवाज्यांची, अबू हलीफा भागातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलपेक्षा लांब. सोबत मालकाचा मुलगा बद्र होता. राहणार फिंतासला, शिक्षण अमेरिकेत, हातात दोन फोन. गाडी उतरवणाऱ्या माणसाला त्यानं आधी हातमोजे घालायला लावले. इतक्या मळक्या गाडीला हात लावण्यासाठी हातमोजे, हे त्या माणसाला पटलं, पण वेगळ्या कारणानं.

"ही रंगवायची नाही," बद्र म्हणाला. "पुसायचीसुद्धा नाही. ही पॅटिना आहे."

पॅटिना म्हणजे वयानं वस्तूवर आलेली कळा. तांब्याच्या जुन्या भांड्यावर येते, पितळेच्या कडीवर येते. गाडीच्या बाबतीत फिकटलेला रंग, झिजलेल्या कडा, बारीक तडे. शौकिनांमध्ये यावरून दोन पंथ आहेत. एक म्हणतो, गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसली पाहिजे, रंगवा. दुसरा म्हणतो, मूळ रंग एकदाच असतो, तो काढलात की इतिहास गेला. दोघांचंही म्हणणं अगदीच चुकीचं नाही. दोघांशी बोलताना चहा मात्र थंड होतो.

बद्र दुसऱ्या पंथाचा होता, आणि नवीन बाटलेला. त्यानं मला गाडीभोवती एक चक्कर मारून आणलं. छपराचा रंग उडाला होता, तिथे तो म्हणाला, "सूर्यानं केलेलं काम." फेंडरवर वाळूनं खरवडल्याच्या खुणा होत्या, तिथे म्हणाला, "वाळवंटाची सही." मागच्या काचेखाली कबुतरांनीही सही केली होती. तिच्याबद्दल तो काही बोलला नाही, पण फोटो काढला. ड्रायव्हरच्या दारावर, खिडकीच्या कडेला, रंग पार जाऊन पत्रा उघडा पडला होता. हातभर अंतरात गुळगुळीत, चकचकीत. तिथे मात्र तो न थांबता पुढे गेला.

"ही गाडी प्रामाणिक आहे," तो शेवटी म्हणाला.

मी जॉब कार्डवर लिहिलं: बॉडी, जैसे थे.

त्यानं गाडीचं दफ्तर दिलं. इथे गाडीच्या रजिस्ट्रेशनला दफ्तर म्हणतात. त्यावर नाव वडिलांचं होतं.

"तुमच्या वडिलांचं काय मत आहे?" मी विचारलं.

"त्यांना रंगवून हवी आहे. त्यांना पॅटिना समजत नाही. तुम्ही माझ्याशीच बोला."

मी दोन कोटेशनं काढली. एक रंगवण्याचं, एक न रंगवण्याचं. न रंगवण्याचं जास्त झालं. खालून गंज थांबवायचा, वरून काही बदलल्याचं दिसू द्यायचं नाही, वायरिंग आणि ब्रेक नवे करायचे पण एकाही बोटाचा ठसा उमटू द्यायचा नाही. हे काम हळू होतं. बद्रनं महागडं कोटेशन लगेच मान्य केलं. स्वस्त असतं तर बहुधा त्याला संशय आला असता.

आमच्या मालकांना सगळे मुदीर म्हणतात. त्यांनी कोटेशन दोनदा वाचलं. ते मला उम्म रोहन म्हणतात, रोहनची आई. इथली आदराची पद्धत. खुद्द रोहन मला मॉम म्हणतो आणि उत्तरं इंग्रजीत देतो, पण तो वेगळा विषय.

"उम्म रोहन, म्हणजे हा मुलगा आपल्याला काही न करण्याचे पैसे देणार?"

"काळजीपूर्वक काही न करण्याचे."

"माशाअल्लाह," मुदीर म्हणाले. "अशी अजून चार गिऱ्हाइकं शोध."

या आनंदात एकच माणूस नव्हता. सुर्वे. गुहागरकडचा, आमचा एकुलता एक उरलेला पेंटर. हल्ली लोक गाडी रंगवत नाहीत, तिच्यावर प्लास्टिकचा पापुद्रा चढवून घेतात. आमची पेंट बूथ म्हणजे जिथे फवारणी करतात ती बंद खोली. तिच्यात आता टायर ठेवलेले असतात. सुर्वेचा इकामा, इथे राहण्याचा परवाना, संपत आला होता. मुदीरनी मला स्पष्ट सांगितलं होतं. रंगाचं मोठं काम आलं तर इकामा पुढे, नाही तर खलास, तिकीट. सुर्वेची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तेवढं पार पडेपर्यंत त्याला इथे राहायचं होतं. हिरवी गाडी आत आली तेव्हा त्याला वाटलं, देव पावला.

"मॅडम, डिकीच्या आत मूळ रंग आहे बघा. शेड मी जुळवून ठेवलीय."

"सुर्वे, रंगवायची नाही."

"मग आणली कशाला?"

"अशीच ठेवायला."

"अशी तर बाहेर फुकटात राहिली असती."

मी त्याला पॅटिना समजावून सांगितली. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आमच्या गावात अशा गाडीत कोंबड्या बसतात." आणि टायर हलवायला गेला. तरी रोज सकाळी एकदा विचारायचाच, "हिरवीचं काही बदललं का?"

मग खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारं स्वच्छ करून पुजायची रीत. इथे गाजावाजा करता येत नाही आणि करायचंही नसतं. पण आमची कोकणातली पोरं त्या दिवशी आपापले पाने, जॅक, कॉम्प्रेसर, स्प्रे गन घासूनपुसून मांडतात, गनवर एखादं फूल ठेवतात, पेढा वाटतात आणि कामाला लागतात. मुदीर याला तुमचा सफाईचा दिवस म्हणतात. हा सण त्यांना फार आवडतो. वर्षातून एकदा गॅरेज आपोआप स्वच्छ होतं.

सुर्वेनं गन पुजली. मग आवारातल्या गाड्यांना एकेक बोट हळदकुंकू लावलं, लगेच पुसलं, प्रत्येकीला फूल दिलं. हिरवीपाशी आला. सणाला सगळ्या गाड्यांची पूजा आणि हिला नाही, हे त्याला बरं वाटेना. आणि त्या खडूवर हळदकुंकू टिकेना.

"म्हणून मी बोललो, तळहाताएवढी जागा साफ करू," त्यानं मला सांगितलं. "कंपाउंडचा एक हात मारला. आतून हिरवा आला ना मॅडम. असा आला."

"मग तळहातावर थांबला का नाहीत?"

"पॅच दिसायला लागला. कडा मिसळायला नकोत?"

पेंटर लोकांचा हा रोग आहे. पॅच दिसला की कड मिसळायची. कड मिसळली की तिची नवी कड होते. मग ती मिसळायची. तळहाताचा फेंडर झाला आणि फेंडरवरून तो बॉनेटवर चढला. मी सुट्टीवर असते तर संध्याकाळपर्यंत तो मागच्या नंबर प्लेटपर्यंत पोचला असता.

मुदीर आले. त्यांनी फेंडर बघितला, पाटी बघितली, झेंडू बघितला.

"हे काय आहे?"

"सफाईचा दिवस," मी म्हणाले.

मुदीरनी खुर्ची मागवली. बद्र दुसऱ्याच दिवशी ब्रेक बघायला येणार होता. तो रोज गाडीचे फोटो टाकायचा आणि त्याच्या दिवाणियात, म्हणजे घरच्या पुरुषांच्या संध्याकाळच्या बैठकीत, आता आमच्या गॅरेजचं नाव निघायचं. आतापर्यंत कौतुकानं.

"याला घरी पाठव," मुदीर मला म्हणाले. सुर्वेला हिंदी कळते, म्हणून हिंदीतच म्हणाले. "इकामा वगैरे काही नाही. पण आधी यानं हे होतं तसं करायचं. परत जुनं."

"मुदीर, जुनं करता येत नाही. जुनं होतं."

"तुम्ही लोक नवं करता ना? मग उलट करा."

उलटही करतात. नव्या रंगावर खोटी पॅटिना चढवणारे लोक जगात आहेत आणि त्यांचे दर ऐकण्यासारखे आहेत. आमच्याकडे सुर्वे होता. त्यानं भंगारातलं एक बॉनेट घेतलं, त्यावर जुळवलेला हिरवा मारला, वर पातळ पांढरा, मग घासणी, मग आवारातली खरी धूळ. दिवसभर तो मान खाली घालून ते करत होता. आयुष्यभर डाग काढलेल्या माणसाला डाग पाडायला लावलं होतं. फूल अजून त्याच्या गनवर होतं.

संध्याकाळी मी बघायला गेले. बॉनेट जुनं दिसत नव्हतं. धडधाकट माणसानं आजारपणाच्या रजेसाठी पावडर फासल्यासारखं दिसत होतं.

"जमलं नाही ना?" सुर्वे म्हणाला.

"नाही."

"मला पण वाटत नाही. मॅडम, तिकीट कधीचं काढतायत, तेवढं आधी सांगा. पोरीची फी भरायची कशी ते बघायला लागेल."

मी त्याला म्हटलं, उद्या गिऱ्हाईक काय बोलतं ते बघू. मी घरी जाऊन यादी केली. माफी, डिस्काउंट, दुसऱ्या गॅरेजची शिफारस. सुर्वेला वाचवेल असा त्यात एकही मुद्दा नव्हता. फेंडर झाकायला कव्हर घालावं असंही एकदा लिहिलं आणि खोडलं. जो माणूस हातमोजे घालायला लावतो, तो कव्हर उचलून बघणारच.

दुसऱ्या दिवशी बद्र आला तो एकटा नव्हता. सोबत त्याचे वडील होते, अबू बद्र. पांढरा शुभ्र पायघोळ दिशदाशा, काठी, डोळ्यांना जाड चष्मा. गाडी इथे ठेवल्यापासून ते बघायला न्या म्हणून मागे लागले होते, आज बद्रला टाळता आलं नाही, एवढं त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी माफीचं पहिलं वाक्य जुळवत पुढे झाले. सुर्वे बूथच्या दारात उभा होता. मुदीर त्यांच्या काचेच्या केबिनमध्ये अचानक फोनवर बोलायला लागले. फोन उलटा धरला होता.

बद्रनं फेंडर बघितला आणि जागीच थांबला.

"हे कोणी केलं?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात वडील आपले त्याच्या शेजारून पुढे गेले. हिरव्या भागासमोर उभे राहिले. चष्मा काढून पुसला, परत घातला. बंपरमधलं झेंडूचं सुकलेलं फूल काढून हातात घेतलं.

"बंबई में टॅक्सी को लगाता था," ते मला म्हणाले. त्या पिढीतल्या बऱ्याच कुवेती लोकांसारखं त्यांना हिंदी येत होती, त्यांच्या पद्धतीची. "हम बहोत आता था बंबई. तुम बंबई का?"

"साताऱ्याची. जवळच म्हणा."

"किसने किया ये?"

मी सुर्वेकडे बघितलं. सुर्वे जमिनीकडे बघत होता.

"आमचा पेंटर. चूक झाली, आम्ही..."

"पेंट किया?"

"नाही. हा तुमचाच रंग आहे, मूळचा. वरचा मेलेला थर घासून काढला, एवढंच."

हे सांगताना माझ्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत हा तिसरा पर्याय कोणीच बोललं नव्हतं. पूर्वीच्या गाड्यांच्या रंगावर हल्लीसारखा काचेसारखा थर नसायचा. रंग उघडाच असायचा. उन्हानं वरचा भाग खडूसारखा होतो, पण खाली रंग जाड असेल तर तो शिल्लक राहतो. रंगवा म्हणणाऱ्याला तो मेलेला वाटत होता. रंगवू नका म्हणणाऱ्याला मेलेलाच हवा होता. मीही दोनच कोटेशनं काढली होती.

बद्र आता इंग्रजीत बोलत होता, भराभर. मूळ पृष्ठभाग, इतिहास, सूर्याची खूण, विश्वास. वडिलांनी ते ऐकू येत नसल्यासारखं केलं. ते काठीनं छपराकडे खूण करून मलाच म्हणाले, हिंदीत, म्हणजे मुलाला कळणार नाही असं.

"ये गाडी बीमार नहीं था. घर में छाँव था, शेड. बेटे का पहला गाडी आया, शेड में रखा. बाद में दूसरा. ये बाहर. इसका कोई फोटो नहीं निकाला तब."

मग ते चालत ड्रायव्हरच्या दारापाशी गेले. खिडकीच्या कडेवर, जिथे रंग जाऊन पत्रा गुळगुळीत झाला होता, तिथे त्यांनी आपलं डावं कोपर टेकवलं. बरोबर बसलं. 

"काय म्हणतायत ते?" बद्रनं मला विचारलं.

मॅनेजरला अनेक भाषांतरं करावी लागतात. "तुमच्या घरच्या पार्किंगबद्दल बोलतायत," मी म्हणाले.

बद्र छपराकडे बघत राहिला. सूर्यानं केलेलं काम. त्यानं एक फोन खिशात टाकला, मग दुसराही. मग वडिलांना अरबीत काहीतरी हळू विचारलं. वडिलांनी कोपर न उचलता उत्तर दिलं. त्यातला मला एकच शब्द कळला, खलास.

"सगळी अशी करा," बद्र मला म्हणाला. फेंडरकडे बघत नव्हता. "रंग लावायचा नाही. घासून, हातानं."

"आणि हे दार?"

वडिलांनीच उत्तर दिलं. "ये मत छूना. ये हमने किया."

काचेच्या केबिनमध्ये मुदीरचा फोन संपला. ते बाहेर आले, अबू बद्रना मिठी मारली, दोघांनी एकमेकांच्या घरच्यांची चौकशी केली. मग मुदीरनी सुर्वेच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, हा आमचा सगळ्यात अनुभवी माणूस, मुद्दाम एक सॅम्पल करून दाखवायला सांगितलं होतं. सुर्वेनं माझ्याकडे बघितलं. मी जॉब कार्डकडे बघितलं.

काम बरेच दिवस चाललं. छपरावर रंग शिल्लक नव्हता तिथे जे होतं ते राहू दिलं. इकामा पुढे सरकला, कारण असं काम मशीननं होत नाही आणि पापुद्रा चढवणाऱ्यांना येत नाही. सुर्वे खूश झाला असेल असं वाटत असेल तर तुम्हाला पेंटर माहीत नाहीत.

"आलो पेंटर म्हणून," तो घासता घासता म्हणायचा, "आणि करतोय भांडी."

"पुढच्या खंडेनवमीला गाड्यांपासून लांब राहा."

"तळहाताएवढीच जागा घेतली होती मॅडम. कड दिसत होती."

बद्रनं तयार गाडीचे फोटो टाकले. खाली लिहिलं होतं, एकही नवा थेंब रंग नाही, पूर्ण प्रामाणिक गाडी. लोकांनी खूप कौतुक केलं. मुदीरनी बिलावर न रंगवण्याचाच दर लावला. त्यांच्या मते काम बदललं होतं, तत्त्व नाही. मी माझ्या जॉब कार्डात एक ओळ वाढवली. गिऱ्हाइकाच्या नावाआधी आता दफ्तरावरचं नाव लिहायचं, आणि पहिला फोन त्यालाच करायचा. बाकी चर्चा नंतर. पॅटिनावरची तर फारच नंतर.

परवा काही कागदांवर सह्या घ्यायला मी फिंतासला त्यांच्या घरी गेले होते. शेडमध्ये हिरवी गाडी उभी होती, ऐटीत. बद्रची नवी कोरी गाडी बाहेर, भर उन्हात. नव्या गाड्यांवरचा तो काचेसारखा थर असा उन्हात राहिला की फिकटत नाही, सोललेल्या कांद्यासारखा पापुद्र्यांनी निघतो. त्याला अजून कोणी पॅटिना म्हणत नाही.

दोन उन्हाळे जाऊ देत. रंगवण्याचं कोटेशन मी काढून ठेवलं आहे. न रंगवण्याचंही.